आठ आणे कोणी द्यायचे?

नेहमीप्रमाणे भागाचा मजकूर इथे देते आहे. मध्ये मध्ये अडखळले होते ते काढलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

सुरुवात ऑफिसपासून करते. मी पेरोलचं सॉफ्टवेअर लिहिते, म्हणजे महिनाअखेरीला तुमची पगाराची स्लिप ज्यातून निघते ते. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या आणि आमच्याकडे टिकेटांचा पाऊस पडला. माझ्या वाट्याला बाळंतपणाच्या रजेचं मॉड्यूल आलं. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, पण आतला हिशोब बराचसा तोच आहे. प्रसूतीआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. रजा २६ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त ८ आधी घेता येतात, आणि दोन मुलं हयात असतील तर १२ आठवडे. मला वाटलं, कलमांचे नंबर बदलायचे, नोटिशीचा मजकूर बदलायचा, दोन दिवसांचं काम.

मग एका क्लायंटच्या एचआरचा फोन आला. त्यांना नवा रिपोर्ट हवा होता: पुढच्या वर्षी कुठल्या खात्यात मॅटर्निटीचा किती खर्च येऊ शकेल. कॉलम त्यांनीच सुचवले. नाव, वय, लग्न झालंय का, लग्नाची तारीख. "बजेटसाठी हवंय मॅडम, दुसरं काही नाही," म्हणाले. माणूस सज्जन होता, मुद्दाम सांगते. पण त्या यादीकडे बघून मला मुंबईच्या गिरण्या आठवल्या. का, ते सांगण्यासाठीच आजचा भाग.

१९२८ सालात जाऊ. मुंबईतल्या गिरण्यांमध्ये त्या काळी साधारण पाचवा हिस्सा कामगार बायका होत्या. बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामावर. पगार उक्त्या कामावर, जितकं सूत तितके पैसे. वर नायकीण, म्हणजे बायकांवरची मुकादम. कामावर घ्यायचं की घरी पाठवायचं, हे बरंचसं तिच्या हातात. बाळंतपणाला गेलात की पगार बंद, आणि परत आल्यावर जागा असेलच याचा भरवसा नाही. त्यामुळे बायका शेवटच्या दिवसांपर्यंत उभ्या राहायच्या आणि लवकरात लवकर परत यायच्या. तान्ह्या बाळाला झोपवून ठेवायला बाळगोळी द्यायच्या. बाळगोळीत अफू असायची. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण बारा बारा तास घराबाहेर असलेल्या बाईपुढे दुसरा मार्ग काय होता?

जगात यावर विचार सुरू झाला होता. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेची पहिली बैठक झाली. तिथे बाळंतपणाच्या संरक्षणाचा करार झाला: प्रसूतीआधी सहा आणि नंतर सहा आठवडे, आणि त्या काळात आई आणि बाळाला पुरेल एवढी रक्कम. आता यातली एक ओळ नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. हे पैसे सरकारी तिजोरीतून किंवा विम्यातून यावेत, असं त्या करारात होतं. एकेका मालकाच्या खिशातून यावेत असं नव्हतं.

हिंदुस्थान सरकारने करार मान्य केला नाही. १९२४ मध्ये कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक आणलं, ते नामंजूर झालं. मग विषय मुंबई प्रांताच्या कायदे कौन्सिलात आला. विधेयक आणलं आर. एस. आसवले यांनी. व्हॉट्सॅपवर फिरतं की हे विधेयक डॉ. आंबेडकरांनी मांडलं. तसं नाही. पण २८ जुलै १९२८ ला त्यांनी त्याच्या बाजूने जे भाषण केलं, ते सगळ्या चर्चेतला सर्वात महत्त्वाचा मुद्दा सांगतं. वेळही बघा: एप्रिलपासून गिरण्यांचा संप चालू होता, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते, आणि तो ऑक्टोबरपर्यंत चालणार होता. ज्या बायकांबद्दल कौन्सिलात बोलणं चाललं होतं, त्यांच्या घरी तेव्हा पगारच येत नव्हता.

आंबेडकरांचं म्हणणं थोडक्यात असं. आईला प्रसूतीआधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे. हित देशाचं असेल तर भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा. पण सरकार तो उचलत नाहीये, म्हणून मालक मोकळा सुटत नाही. तो बायकांना कामावर घेतो, कारण त्यात त्याचा फायदा आहे. फायदा घेणाऱ्याने खर्चाचा काही भाग द्यावा, यात अन्याय नाही.

मला यातलं 'मुख्यतः सरकारने' फार महत्त्वाचं वाटतं. कारण १९२९ मध्ये कायदा झाला, देशातला या प्रकारचा पहिला, आणि त्यातून सरकारच गायब झालं. दिवसाला आठ आणे, आणि ते सगळे मालकाने द्यायचे. प्रसूतीनंतर चार आठवडे बाईला कामावर घ्यायला बंदी. रजेवर असताना नोकरीवरून काढण्याची नोटीस द्यायची नाही. कायद्याचा गोषवारा स्थानिक भाषेत, बायका काम करतात त्या खात्यात, दिसेल असा लावायचा. (आज आम्ही बाईच्या नेमणुकीच्या वेळी जो ऑटोमॅटिक ईमेल पाठवतो ना, तो याच गोषवाऱ्याचा पणतू.) आणि हक्क मिळायला त्याच मालकाकडे काही महिने नोकरी झालेली हवी.

पुढच्याच वर्षी, १९३० मध्ये, मध्य प्रांतानेही असा कायदा केला, म्हणजे आपलं नागपूर, विदर्भ त्यात आलं. मग मद्रास. त्या सुमारास व्हिटली कमिशन देशभरच्या कामगारांची पाहणी करत होतं, ना. म. जोशी त्याचे सदस्य. १९३१ च्या अहवालात कमिशनने सांगितलं की तूर्त खर्च मालकानेच करावा, पुढेमागे सामाजिक विमा आला तर हे त्यात घ्यावं. 'तूर्त' हा शब्द सरकारी कागदात किती वर्षं जगतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता गिरणीच्या ऑफिसात बसा. मॅनेजर व्हा. कायदा पाळायचाय, दंड नकोय. दोन मार्ग आहेत. एक, आठ आणे द्यायचे. दुसरा, मस्टरवर अशी बाई ठेवायचीच नाही जिला ते द्यावे लागतील. दुसऱ्या मार्गात कायद्याचं एकही कलम मोडत नाही! बदलीवर ठेवा, महिने भरूच देऊ नका. जागा रिकामी झाली की पुरुष घ्या.

इतिहासकार राधा कुमार यांनी या काळातल्या गिरणीतल्या बायकांवर बारकाईने लिहिलंय. १९३० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांमधलं बायकांचं प्रमाण घसरत गेलं आणि स्वातंत्र्यानंतरही घसरतच राहिलं. सगळा दोष या कायद्यावर टाकणं चूक आहे. मंदी होती, नवी यंत्रं आली, कमी माणसांत जास्त काम काढण्याची मोहीम होती, आणि रात्रपाळी वाढली तेव्हा बायकांना रात्री काम करायला कायद्यानेच बंदी होती. पण कोणाला कमी करायचं हा प्रश्न आला, तेव्हा एका कामगाराच्या नावापुढे जादा खर्च लिहिलेला होता आणि दुसऱ्याच्या नव्हता, एवढं खरं.

विमा शेवटी आला. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे ईएसआय. मी इंजिनियर आहे, त्यामुळे मला त्याची रचना सुंदर वाटते. आज मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्के. बाई असो वा पुरुष, आकडा तोच. बाळंतपणाचे पैसे त्या सामायिक फंडातून येतात. म्हणजे बाईला न घेऊन मालकाचा एक पैसाही वाचत नाही. आमच्या कोडमध्येही हे दिसतं: ईएसआय लागू असेल तर रजेच्या पगाराच्या रकान्यात मालकाचा आकडा शून्य.

अडचण मर्यादेची आहे. २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तरच ईएसआय. त्याच्या वर गेलात की तुम्ही परत १९२९ मध्ये, सगळा भार एकट्या मालकावर. त्याच वर्षी रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली. निर्णय चांगला, पण वाढीव १४ आठवड्यांचं बिल कोणाकडे? मालकाकडेच. २०१८ मध्ये केंद्राच्या कामगार मंत्रालयाने त्यातल्या सात आठवड्यांचा पगार मालकांना परत देण्याची योजना पुढे आणली होती. ती अंमलात आली नाही. नव्या संहितेतही ही विभागणी तशीच आहे.

म्हणून तो रिपोर्ट मागणारा माणूस मला खलनायक वाटत नाही. त्याच्या टेबलावर बिल येणार आहे, तो ते आधी बघू पाहतोय. पण यादीत एक २८ वर्षांची, मागच्या वर्षी लग्न झालेली बाई असेल आणि मार्चमध्ये प्रमोशनची चर्चा असेल, तर ती यादी फक्त बजेटसाठी वापरली जाईल असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

मी मॅनेजरशी बोलले. खात्यानुसार, मंजूर झालेल्या रजांचा एकूण खर्च, एवढाच रिपोर्ट द्यायचं ठरलं. नाव नाही, वय नाही, लग्नाची तारीख नाही. क्लायंट जरा नाराज झाला, पण चालवून घेतलं. कर्मचाऱ्यांची पूर्ण यादी एक्सेलमध्ये उतरवायचं बटण मात्र शेजारीच आहे, आणि त्यात जन्मतारीख असतेच.