शस्त्र : हक्क की कर्तव्य?

तेल्हारा तालुक्यातील अडगाव इंग्रजी इतिहासग्रंथांत 'अरगाम' या नावाने येते. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी येथे आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. पंधरवड्याने गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला. बखरवाङ्मय शिकविताना या लढाईचा उल्लेख ओघाने येतो, तेव्हा एक प्रश्न आम्ही आवर्जून विचारतो : या शिवारात लढले कोण? भोसल्यांच्या पायदळात पगारी अरब होते. कंपनीच्या बाजूला मद्रासकडील पलटणी होत्या आणि असईत पाय रोवून उभ्या राहिलेल्या त्यांतील तीन पलटणी येथे तोफांचा मारा सुरू होताच मागे फिरल्या. वेलस्लीला त्या स्वतः सावराव्या लागल्या. ज्यांच्या ज्वारी-कपाशीवरून हे सारे गेले, त्या वऱ्हाडी कुणब्याला मात्र कोणी लढण्यास बोलाविले नाही, की तहाच्या वेळी काही विचारले नाही. त्याच्या वाट्याला आली ती गावची मातीची गढी आणि तिच्या आडोशाने जीव वाचविणे.

गावाची राखण करणारे होतेच. गावगाड्यात ते काम जागल्याच्या, महाराच्या माथी होते. रात्रीची गस्त त्याची, चोराचा माग काढणे त्याचे, सरकारी वसुलाची सोबत त्याची. हातात मात्र काठी. संरक्षणाचे कर्तव्य जन्माने लादलेले आणि प्रतिष्ठा मात्र शून्य, अशी ही व्यवस्था होती. शस्त्राच्या हक्काची चर्चा आपल्याकडे बहुधा १८७८च्या हत्यार कायद्यापासून सुरू होते. आम्हांस ती येथून, या काठीपासून सुरू करावीशी वाटते.

लिटनच्या काळातील त्या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरविले आणि युरोपीयांना मात्र सूट दिली. सुशिक्षितांना हा अपमान झोंबला. १८८७च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविषयी ठराव केला. पुढे १९२८च्या नेहरू अहवालात आणि १९३१च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क स्पष्ट नोंदविला गेला. अहिंसेच्या चळवळीने ही मागणी करावी याचे आज नवल वाटेल. पण खुद्द गांधीजींनी या कायद्याचा तीव्र निषेध केलेला आहे.

म्हणूनच डिसेंबर १९४८च्या आरंभी घटनासमितीत जे घडले ते लक्षणीय आहे. मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेले, आय.सी.एस. सोडून सुभाषबाबूंच्या मागे गेलेले हरि विष्णु कामत यांनी शस्त्राचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी सुधारणा मांडली. ती कराचीच्या वचनाला धरूनच होती. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. कोणीही बाजारात जाऊन हवे ते हत्यार विकत घेऊ लागला तर राज्यकारभार चालणार कसा, ही त्यांची एक शंका. पण महत्त्वाचा मुद्दा दुसराच होता : स्वातंत्र्य मिळाल्यावर प्रश्न शस्त्र धरण्याच्या हक्काचा उरत नाही, तो कर्तव्याचा होतो, आणि राज्य संकटात सापडल्यास प्रत्येक नागरिकाला बोलाविण्याची तरतूद मसुद्यात आहेच. सुधारणा फेटाळली गेली.

हे उत्तर केवळ प्रशासकाचे आहे असे मानणारे आमचे काही सहकारी आहेत. आम्हांस ते पटत नाही. उत्तर देणारा सुभेदार रामजींचा मुलगा होता. पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत असलेल्या महारांची भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बंद केली. तिच्याविरुद्ध निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज तयार केला, १९१०मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. १९१७मध्ये गरजेपोटी उभी केलेली महार पलटण १९२१मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१मध्ये. शस्त्र नाकारल्यामुळेच खालच्या वर्णांना बंड करता आले नाही, असे आंबेडकर 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये १९३६ साली लिहून बसले होते. परवान्याने मिळणारा हक्क कोणाच्या पदरात पडतो, वाड्यावरच्या की वाड्याबाहेरच्या, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. कर्तव्य मात्र सर्वांना सारखे ठरविता येते.

अनुच्छेद २३(२) या दृष्टीने पुन्हा वाचावा. सार्वजनिक प्रयोजनासाठी राज्य सक्तीची सेवा घेऊ शकेल. परंतु ती घेताना केवळ धर्म, वंश, जात वा वर्ग या कारणांवरून भेद करता येणार नाही. जागल्याच्या काठीला दिलेले उत्तर आम्हांस या परंतुकात दिसते, मग मसुदाकारांच्या मनात ते त्याच शब्दांत असो वा नसो.

अर्थात या भूमिकेतही अडचण आहेच. बोलावणार राज्य, आणि संकट कोणते हे ठरविणारेही राज्यच. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने देशरक्षण हे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदविले, तेही आणीबाणीत, हा योगायोग विसरण्याजोगा नाही. प्रत्यक्षात सक्तीची सैन्यभरती भारताने कधी केली नाही. १९६२च्या युद्धानंतर महाविद्यालयांत एन.सी.सी. काही वर्षे सक्तीची होती; १९६८मध्ये ती ऐच्छिक झाली.

आमच्या तालुक्यात बंदुकीची गोष्ट निघते ती रोही आणि रानडुकरांमुळे. पीक राखण्यासाठी शेतकऱ्याला परवाना मागता येतो. १८७८चा कायदा जाऊन १९५९चा आला, तरी अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणीच जातो. तोवर हरभऱ्याच्या शेतात रात्री जागणारा माणूस हाती काठी घेऊनच मचाणावर बसतो.