नदी बाजारात येते

माझं आजोळ राजापूरचं. मामांचं किराणा-भुसाराचं दुकान अगदी बाजारपेठेत. शाळेला सुट्टी लागली की मी आंबे-फणसाच्या आशेनं तिकडे जायचो. पण सुट्टीचा शेवटचा आठवडा मामांच्या मालकीचा असे. त्या आठवड्यात साखर, डाळी, चहाची खोकी असं सगळं दुकानाच्या माडीवर चढवायचं. भाचा म्हणजे बिनपगारी हमाल. आंब्यांची वसुली अशी व्हायची.

एकदा घाम पुसत मी विचारलं, "मामा, दरवर्षी पुराचं पाणी येतं, मग दुकान वर टेकडीकडे का नेत नाही?"

मामा म्हणाले, "अरे, गिऱ्हाईक खाली आणि वाणी वर, असं कधी असतं का?"

तेव्हा मला हे उत्तर आळशीपणाचं वाटलं. पुढे थोडं वाचल्यावर कळलं की मामा साडेतीनशे वर्षांचा इतिहास एका वाक्यात सांगून मोकळे झाले होते.

राजापूर समुद्रावर नाही, चांगलं आत आहे. पण जैतापूरपाशी आत शिरणारी खाडी भरतीचं पाणी अर्जुना नदीतून थेट गावाच्या धक्क्यापर्यंत आणत असे. मागे अणुस्कुरा घाट, त्याच्यावर देश. घाटावरून बैलांच्या पाठीवर माल उतरायचा आणि इथं गलबतात चढायचा. जिथं बैल थांबतो आणि गलबत सुरू होतं, तिथं बाजार भरणारच. आदिलशाहीच्या काळात हे नावाजलेलं बंदर होतं. मिरी आणि कापड यांच्या वासावर इंग्रजही आले आणि 1649 साली त्यांनी वखार घातली.

नुसता व्यापार केला असता तर ठीक. पण 1660 साली सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतले साहेब तोफा घेऊन त्याच्या मदतीला गेले आणि वर आपलं निशाणही फडकावलं. महाराजांनी हिशेब लक्षात ठेवला. 1661 साली राजापुरावर स्वारी झाली, वखार खणून काढली आणि हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे सोबती कैदेत पडले. ते सुटले 1663 साली. ही हकीकत मामा अशी सांगत, जणू रेव्हिंग्टन त्यांच्याकडची उधारी बुडवून गेला होता. इंग्रज पुढे राजापुरातून कायमचे गेले ते पुराला कंटाळून, असाही मामांचा एक सिद्धांत होता. इतिहासात त्याला आधार नाही.

पण ज्या नदीनं हे दिलं, तिनंच ते परत घेतलं. कोकणातला पाऊस डोंगर धुऊन काढतो. ती माती अर्जुना आणि गावातच तिला मिळणारी कोदवली, दोघी मिळून खाली आणतात. भरती-ओहोटीत ती बसत जाते. खाडी उथळ होत गेली आणि तिकडे जहाजं मोठी होत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अरबांची गलबतं राजापूरशी व्यापार करत होती खरी, पण मोठं जहाज जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैल अलीकडेच थांबे. बंदर बुडालं नाही, भरलं. पुढे 1998 साली पूर्ण झालेली कोकण रेल्वेसुद्धा गावापासून लांबूनच गेली. तिच्या स्टेशनाचं नाव 'राजापूर रोड', म्हणजे इथून पुढे रस्त्याचं तुम्ही बघा!

थोडक्यात, पूर्वी नदीतून माल बाजारात यायचा, आता नदीच बाजारात येते. पात्रात जागा नाही, मग तिनं जावं कुठं? जवळच्या उन्हाळ्याला राजापूरची सुप्रसिद्ध गंगा लहर लागेल तेव्हा प्रकटते आणि लोक तिच्या दर्शनाला जातात. अर्जुनेचं तसं नाही. ती स्वतःच दर्शन द्यायला जवाहर चौकात येते, तेही जवळजवळ दरवर्षी.

मामा गेले. दुकान मामेभाऊ चालवतो. अलीकडच्या काही उन्हाळ्यांत नदीतला गाळ उपसण्याचं काम झालं. महामार्गाचा नवा उंच पूल अर्जुनेवरून गेला आहे. त्यावरून जाणाऱ्याला खाली बाजारपेठ आहे हे कळेलच असं नाही. मामेभावाचा मुलगा मुंबईला नोकरीला आहे. तो म्हणतो, दुकान विका, पोती कोण उचलणार? त्याचं चूक नाही. उचललेल्या पोत्यांचा हिशेब माझी पाठ अजून ठेवून आहे.

मी मात्र जुलैत न चुकता फोन करतो.

"काय रे, आली का?"

"आली होती. दोन पायऱ्या चढली, चहालासुद्धा थांबली नाही."

"आणि दुकानाचं काय ठरलं?"

तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, पुढच्या मे महिन्यात येणार आहेस ना? आंबे आहेत."

आंब्यांचा अर्थ मला बरोबर कळला. मी तिकीट काढून ठेवलं आहे.