एकतिसाव्या घाताची कुळकथा

2 चा 31 वा घात घ्या आणि त्यातून 1 वजा करा. उत्तर येतं 214 कोटी 74 लाख 83 हजार 647. ही मूळ संख्या आहे, असं बोलोन्याचा पिएत्रो कातालदी 1603 साली सांगून मोकळा झाला. सिद्धता नव्हतीच. त्याच दमात त्याने 23, 29 आणि 37 या घातांचीही ग्वाही दिली, आणि ती तिन्ही पुढे खोटी ठरली. घात मूळ असला म्हणून उत्तर मूळ निघेलच असं नाही: 11 व्या घाताला 2047 मिळतात, म्हणजे 23 गुणिले 89. पॅरिसच्या मेर्सेन या धर्मगुरूने 1644 मध्ये 31 ला आपल्या यादीत बसवलं, पण पुरावा त्यानेही दिला नाही.

तो दिला ऑयलरने, 1772 मध्ये, सेंट पीटर्सबर्गमध्ये. तोवर त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. सरळ मार्गाने जायचं तर 46,340 पर्यंतच्या सुमारे पावणेपाच हजार मूळ संख्यांनी भागून पाहावं लागलं असतं. ऑयलरने भागाकाराआधी विचार केला. हिला भाग जाणारी कोणतीही मूळ संख्या 62 ने भागल्यावर बाकी 1 च ठेवणार. शिवाय 8 ने भागल्यावर 1 किंवा 7. दोन्ही अटी जुळवल्या की 248 ने भागून 1 किंवा 63 उरणाऱ्याच संख्या शिल्लक राहतात, जेमतेम पावणेचारशे. त्यांतल्याही मूळ तेवढ्याच तपासायच्या. एकीनेही भाग गेला नाही. मला या कुळकथेतला सगळ्यात देखणा भाग हाच वाटतो.

1811 मध्ये इंग्लंडच्या पीटर बार्लोने हिच्यापासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येबद्दल (स्वतःहून लहान अशा आपल्या सर्व भाजकांच्या बेरजेइतकी असते ती) लिहिलं, की याहून मोठी कुणाला सापडायची नाही. असल्या गोष्टी नुसत्या कुतूहलाच्या, उपयोग काही नाही, तेव्हा पुढे जाणार कोण? 1876 मध्ये फ्रान्सचा ल्युका थेट 127 व्या घाताच्या 39 अंकी मूळ संख्येपर्यंत पोचला.

आज ही संख्या संगणकवाल्यांना तोंडपाठ असते. 32 बिटांतला एक चिन्हासाठी गेला की उरलेल्या 31 मध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. जुन्या पद्धतीने 1970 पासूनचे सेकंद मोजणारी घड्याळं 19 जानेवारी 2038 रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंदांनी, इथेच अडतील. मात्र यात तिच्या मूळपणाचा काडीचाही संबंध नाही; तो योगायोग.

मूळपणा खरा कामी आला तो यादृच्छिक संख्या बनवताना. 1 पासून सुरुवात करायची, 16,807 ने, म्हणजे 7 च्या पाचव्या घाताने गुणायचं, 2147483647 ने भागून बाकी ठेवायची, की पुन्हा तेच. आधी 16807 येतात, मग 282475249, मग 1622650073. भाजक मूळ आणि गुणक असा नेमका निवडलेला, म्हणून 1 पासून 2147483646 पर्यंतची प्रत्येक संख्या एकदाच येते आणि मगच फेरा पुन्हा सुरू होतो. 1988 मध्ये पार्क आणि मिलर यांनी ही कृती किमान दर्जा म्हणून सुचवली. आजच्या वेगापुढे तो फेरा तोकडा पडतो, तरी सी प्लस प्लस या संगणकभाषेच्या प्रमाणित संग्रहात ती अजून आहे.