दंतवैद्याची भीति आणि तिचें माप

दांताचें दुखणें मनुष्याला अनादि कालापासून परिचयाचें आहे. परंतु तें दुखणें बरें करणाऱ्याची भीति हाहि एक स्वतंत्र विकार आहे, ही गोष्ट विद्वानांच्या ध्यानांत येण्यास फार काळ जावा लागला. दाढ ठणकत असतां रात्र जागून काढावी, लवंगेच्या तेलाचा बोळा धरावा, गाल सुजला तर फडकें बांधावें, पण दंतवैद्याची पायरी चढूं नये, असें एखादें माणूस बहुतेक कुटुंबांत असतेंच. आपण त्याला भित्रें म्हणून हांसतों. ही भीति मोजण्याचें माप कसें तयार झालें, आणि एका भाषेंतील तें माप दुसऱ्या भाषेंत नेतांना काय काय पारखून घ्यावें लागतें, हें आज थोडक्यांत निवेदन करावयाचें आहे.

प्रथम वेदनेची हकीकत. १८४४ सालच्या डिसेंबर महिन्याच्या १० तारखेस अमेरिकेंतील हार्टफर्ड येथें होरेस वेल्स नांवाचा दंतवैद्य करमणुकीचा एक प्रयोग पाहावयास गेला होता. तेथें हास्यवायु हुंगलेल्या एका प्रेक्षकाच्या पायाला जखम झाली, तरी त्याला तिची जाणीव नव्हती. दुसऱ्याच दिवशीं वेल्सनें तोच वायु हुंगून स्वतःचा दांत काढवून घेतला. पुढील महिन्यांत बोस्टन येथें जाहीर रीतीनें केलेला त्याचा प्रयोग रोगी ओरडल्यामुळें फसला व त्याची हेटाळणी झाली. परंतु १८४६ सालीं मॉर्टन यानें ईथरचा उपयोग यशस्वी करून दाखविला. पुढें १८८४ पासून कोकेन, १९०५ पासून नोव्होकेन आणि १९४३ सालीं स्वीडनमध्यें तयार झालेलें लिडोकेन, अशीं तेवढाच भाग बधिर करणारीं औषधें हातीं आलीं. एवढें झाल्यावर दंतवैद्याची भीति नाहींशी व्हावयास हवी होती. पण ती झाली नाहीं. वेदना मावळली, आणि भीतीनें केवळ आपलें घर बदललें. ज्या सुईनें वेदना थांबवावयाची, ती सुईच आतां अनेकांना भयंकर वाटूं लागली.

यावरून उघड झालें कीं, भीति ही वेदनेची केवळ सावली नसून तिची स्वतंत्र मोजदाद झाली पाहिजे. हें काम १९६९ सालीं अमेरिकेंतील बफेलो येथील नॉर्मन कोराह या मानसशास्त्रज्ञानें केलें. त्याच्या प्रश्नावलींत अवघे चार प्रश्न होते. उद्यां दंतवैद्याकडे जावयाचें असेल तर काय वाटेल? बाहेरच्या खोलींत पाळीची वाट पाहत असतां काय वाटेल? खुर्चींत बसल्यावर वैद्य दांत कोरण्याचें यंत्र सज्ज करीत असेल तेव्हां? आणि दांतांवरील किटण काढण्याचीं हत्यारें मांडीत असेल तेव्हां? प्रत्येक प्रश्नाला पांच उत्तरें, १ पासून ५ पर्यंत गुण, म्हणजे एकूण ४ पासून २० पर्यंत. या मांडणींतील शहाणपण पाहण्यासारखें आहे. ‘तूं भित्रा आहेस काय?’ असें ती विचारीत नाहीं. माणसाचा हात धरून ती त्याला घरापासून खुर्चीपर्यंत पायरी-पायरीनें नेते आणि प्रत्येक पायरीवर ‘आतां कसें वाटतें?’ एवढेंच विचारते.

तथापि या मापांत दोन उणिवा राहिल्या होत्या. पहिली अशी कीं, सर्व प्रश्नांची उत्तरें एकाच साच्याचीं नव्हतीं. कोठें मनाचा ताण, कोठें अस्वस्थता, तर कोठें घाम फुटणें, अशा भिन्न जातीच्या गोष्टी एका शिडीच्या पायऱ्या म्हणून मांडल्या होत्या. दुसरी उणीव अधिक नवलाची: हिरडींत टोचल्या जाणाऱ्या सुईविषयीं एकहि प्रश्न नव्हता! ब्रिटनमधील हम्फ्रिस, मॉरिसन व लिंडसे यांनीं १९९५ सालीं या दोन्ही उणिवा दूर केल्या. त्यांनीं सुईचा पांचवा प्रश्न घातला आणि ‘मुळींच नाहीं’ पासून ‘अत्यंत’ पर्यंत पांच पायऱ्यांची एकच शिडी सर्व प्रश्नांना लावली. गुण झाले ५ पासून २५. आणि १९ किंवा अधिक गुण पडले तर भीति अतितीव्र समजावी, असा दंडक ठरला. दोन-चार मिनिटांत भरून होणारा हा कागद पुढें देशोदेशीं गेला व तुर्की, चिनी, ग्रीक, स्पॅनिश इत्यादि भाषांत उतरला.

येथूनच खरी कसोटी सुरू होते. शेर-मापट्याचें वजन परदेशीं नेलें तरी तें बदलत नाहीं. शब्दांचें माप मात्र सीमा ओलांडतांच बदलतें. यासाठीं १९७० सालीं ब्रिस्लिन या संशोधकानें उलट-भाषांतराच्या रीतीची पद्धतशीर चिकित्सा केली. एकानें मूळ मजकूर नव्या भाषेंत आणावा. मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्यानें तो पुन्हां पहिल्या भाषेंत न्यावा. आणि दोहोंची तुलना करावी. रीति उत्तम आहे, परंतु ती चूक पकडते, कृत्रिमता पकडत नाहीं. आपल्या मराठीवरच हा प्रयोग करून पाहा. मूळ इंग्रजी शब्दाला ‘चिंतातुर’ हा शब्द योजला तर तो उलट-भाषांतरांत सुखरूप परत जाईल. पण हिरडींत सुई शिरण्यापूर्वीं मनांत जें होतें त्याला घरांत कोणी चिंता म्हणत नाहींत. चिंता कर्जाची असते, परगांवीं गेलेल्या मुलाची असते. ‘भीति’ हा शब्द खरा. परंतु कित्येक कर्ते पुरुष ‘मला भीति वाटते’ असें लिहून देण्यास धजणार नाहींत, आणि तेच गृहस्थ ‘जरा धाकधूक होते’ असें मात्र सहज कबूल करतील.

पायऱ्यांचीहि तीच गत. मधल्या पायरीला ‘बऱ्यापैकी’ म्हणावें, तर त्या शब्दांत शाबासकीचा सूर आहे. बऱ्यापैकी गुण पडतात, बऱ्यापैकी भीति वाटत नाहीं. ‘खूप’ आणि ‘फार’ यांत वरचा कोणता, यावर दहा माणसांचें एकमत होणें कठीण. आणि पायऱ्यांचा क्रम ढळला कीं बेरीजहि खोटी ठरते. किटण काढण्याचा प्रश्न तर याहून अवघड आहे. तसें केल्यानें दांत खिळखिळे होतात, असा समज आपल्याकडे पुष्कळांचा आहे. असा मनुष्य त्या प्रश्नाला वरचा गुण देईल, पण त्याचें भय हत्याराचें नसून दांत गमावण्याचें असेल. शब्द अचूक उतरला, तरी मोजलें गेलें तें दुसरेंच!

म्हणून भाषांतर झाल्यावर तें सामान्य रोग्यांना वाचून दाखवितात आणि प्रत्येक प्रश्नाचा त्यांना काय अर्थ लागला तें विचारतात. त्यानंतर अंकांची परीक्षा. तोच कागद कांहीं दिवसांनीं त्याच माणसाकडून पुन्हां भरून घेतात. तराजू खरा असेल तर वजन सारखें यावें. पांचहि उत्तरें परस्परांशीं कितपत जुळतात, हें १९५१ सालीं क्रॉनबाख यानें सांगितलेल्या आल्फा नांवाच्या अंकानें पाहतात, तो ०.७ हून अधिक असला तर सामान्यतः समाधान मानतात. परंतु विद्यार्थ्यानें पांचहि उदाहरणांत एकच चूक केली, तर त्याचीं उत्तरें परस्परांशीं जुळतात, म्हणून तीं बरोबर ठरत नाहींत. यास्तव बाहेरचा साक्षीदार लागतो. २००८ सालीं ग्रीक भाषांतराची परीक्षा करतांना क्लाइनक्नेख्ट याची वीस प्रश्नांची दुसरी प्रश्नावलीहि सोबत तपासली गेली. दंतवैद्याकडे जाण्याचें टाळणारांचे गुण नियमानें जाणारांपेक्षां अधिक येतात कीं नाहीं, हेंहि पाहावें लागतें. आणि १९ गुणांची सीमा नव्या समाजालाहि लागू आहे, असें पारखल्यावांचून गृहीत धरतां येत नाहीं.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीसाठीं हा खटाटोप कशाला? स्वीडनमधील बर्गग्रेन यानें १९८४ सालीं या भीतीचें चक्र उलगडून दाखविलें. भीतीमुळें मनुष्य जाणें टाळतो; टाळल्यामुळें दांत किडतात; किडलेल्या दांतांची लाज वाटते; लाजेनें तो अधिकच टाळतो; आणि अखेरीस जातो तेव्हां उपचार इतका मोठा करावा लागतो कीं मूळची भीति खरी ठरते. हें चक्र कोठें तरी तोडावें लागतें, आणि तें तोडण्यास हा लहानसा कागदहि उपयोगी पडतो. २००२ सालीं ब्रिटनमध्यें झालेल्या एका प्रयोगांत फार भिणाऱ्या रोग्यांकडून प्रश्नावली भरून घेतली. कांहींचा कागद दंतवैद्याच्या हातीं दिला गेला, इतरांचा दिला नाहीं. ज्यांचा कागद वैद्यानें पाहिला, त्यांची अस्वस्थता इतरांपेक्षां अधिक उतरली. असले प्रश्न विचारून भीति उलट वाढेल, ही शंकाहि २००६ सालच्या दुसऱ्या प्रयोगानें निराधार ठरविली.

तेव्हां, श्रोतेहो, भाषांतरांतील एकेका शब्दासाठीं होणारी ही घासाघीस व्यर्थ नाहीं. रोग्याला स्वतःचा वाटेल असा शब्द कागदावर असेल तरच तो खरें उत्तर देईल, आणि खरें उत्तर मिळालें तरच वैद्याचा हात क्षणभर थांबेल. तोंवर आपल्या घरीं एवढें तरी सहज करतां येईल. मुलाला दंतवैद्याकडे नेतांना ‘कांहीं दुखत नाहीं, भितोस काय!’ असें दटावूं नये. कशाची भीति वाटते, सुईची, यंत्राच्या आवाजाची, कीं बाहेर ताटकळण्याची, आणि ती किती, हें त्याला त्याच्या शब्दांत सांगूं द्यावें. आणि तेच शब्द, न बदलतां, वैद्याच्या कानीं घालावे.