कोन्सुआद
१४. कोन्सुआद : नाताळात गोव्यातील ख्रिस्ती घरांतून शेजारी व आप्तांकडे जाणारे गोडधोडाचे ताट. पोर्तुगालमध्ये याच नावाने २४ डिसेंबरच्या रात्रीचे कौटुंबिक जेवण ओळखतात. ताटात नेवऱ्या, कुलकुल, हरभऱ्याच्या डाळीचे दोस आणि दोदोल असतो. दोदोल म्हणजे तांदळाचे पीठ, नारळाचा रस व माडाचा गूळ एकत्र करून तासन्‌तास घोटलेला हलवा. तो घोटायला दुसऱ्या हाताची मदत लागतेच. नेवरी ही आपली करंजीच. गणेश चतुर्थीला तीच हिंदू घरांतून ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे, म्हणजे उलट दिशेने जाते. शोक असलेल्या घरात त्या नाताळाला गोड करत नाहीत, शेजाऱ्यांकडचे ताट मात्र येते. ही टीप ज्या मजकुरावर आहे, त्यातील ‘यंदा आमचे ताट निघाले नाही’ या वाक्यातून लेखिका आपल्या आजोबांचा मृत्यूच सांगते आहे.