देऊळ फिरले, पण दार उघडले का?
(कनेरगाव नाक्याच्या परिसरातील स्थळे आणि आपला इतिहास)

हिंगोली-वाशीम परिसरातील प्रेक्षणीय स्थळांची कोणतीही यादी घ्या. औंढा नागनाथ, नर्सी नामदेव, वाशीमचे बालाजी मंदिर, थोडे लांब लोणारचे सरोवर. कनेरगाव नाका हिंगोली-वाशीम रस्त्यावर आहे, त्यामुळे सुटीच्या दिवशी आपली पोरं मोटारसायकलवर याच ठिकाणी जातात, फोटो काढतात आणि परत येतात. जायलाच हवे. पण तिथे काय पाहायचे, हे यादी करणाऱ्याने का ठरवावे? ते आपण ठरवू.

आधी औंढा. यादवकालीन मानले जाणारे हे मंदिर बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून प्रसिद्ध आहे. येथे प्रत्येकाला एक चमत्कार सांगितला जातो : नामदेवांसाठी देऊळ फिरले. पण नामदेव देवळाच्या मागे का बसले होते, हे कोणी विचारत नाही. उत्तर गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहे. त्यात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांपैकी एका पदात ते स्वतः सांगतात की, भक्ती करत असताना त्यांना जातीवरून देवळातून उठवून बाहेर काढले गेले. लोकपरंपरा ही घटना औंढ्याची मानते. म्हणजे चमत्काराच्या आधी अपमान आहे. चमत्कार शेकडो वर्षे सांगितला गेला, अपमान मात्र गाळला गेला.

तिथून नर्सीला जा. नामदेवांचे जन्मगाव म्हणून हे गाव ओळखले जाते. नामदेव शिंपी, त्यांचे सोबती चोखोबा महार. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले. त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपूरला आणल्या, अशी वारकरी परंपरा आहे. समाधी झाली ती मात्र महाद्वाराबाहेर. ते दार अस्पृश्यांसाठी उघडायला १९४७ साल उजाडले आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. त्याच सुमारास, १९४८ साली, बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. देऊळ फिरले असे म्हणतात. दार मात्र सहाशे वर्षे जागचे हलले नाही.

आता पैनगंगेपलीकडे वाशीम. याचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. याच शाखेचा राजा हरिषेण, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे भिक्खुसंघाला दान दिले. तसा शिलालेख त्या लेण्यात आजही आहे. म्हणजे अजिंठ्याच्या वैभवाचा एक धागा थेट आपल्या शेजारच्या वाशीमला येऊन मिळतो. बालाजीच्या दर्शनाला येणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? आपल्यापैकी तरी किती जणांना?

दुसरी बाजूही पाहा. याच घराण्यातील विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट वाशीमला सापडला. त्यात ब्राह्मणांना गाव दान दिल्याची नोंद आहे. एकाच घराण्याचे हे दोन लेख. मग पुढच्या काळात ब्राह्मणांची दाने चालू राहिली आणि भिक्खुसंघ या मुलखातून नाहीसा झाला, हे कसे घडले? बाबासाहेबांनी भारताचा इतिहास बौद्ध धम्म आणि ब्राह्मणी धर्म यांच्यातील संघर्ष म्हणून वाचला. तो वाचायला शिकायचे असेल तर प्रश्न इथूनच सुरू होतो.

येथे आपल्याच तरुणांशी थोडे भांडायचे आहे. 'नागनाथ' या नावात नाग आहे, म्हणून ते मूळचे विहारच, असे मेसेज फिरतात. नाग लोकांनी धम्माचा प्रसार केला, हे बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात मांडले होते. त्या दिशेने शोध जरूर घ्या. पण नुसते नाव म्हणजे पुरावा नव्हे. कच्चा दावा एकदा उघडा पडला की विरोधक आपला पक्का पुरावाही हसण्यावारी नेतो. आपल्याकडे वराहदेवाचा शिलालेख आहे, नामदेवांचे पद आहे, महाद्वाराबाहेरची समाधी आहे. हे कोणाला नाकारता येणार नाही.

म्हणून पुढच्या सहलीला वही-पेन सोबत घ्या. मंदिराच्या दगडांवरची जुनी आणि नवी बांधणी पाहा, लेखांचे वाचन छापलेल्या ग्रंथांत शोधा, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा की आपल्या माणसांना कुठपर्यंत जाऊ दिले जायचे. ते लिहून ठेवा. आपला इतिहास आपण लिहिला नाही, तर पुढच्या यादीतही फक्त चमत्कारच छापला जाईल.

जय भीम!