बोली, बंड आणि फ्रेंच प्रजासत्ताक

मित्रहो, मागच्या वेळी आपण रूसोच्या 'सामान्य इच्छा' या कल्पनेपाशी थांबलो होतो. आज तिच्याशी जोडलेला, पण तत्त्वज्ञानाच्या वर्गात सहसा न येणारा प्रश्न घेऊ. सगळ्या नागरिकांची इच्छा एक व्हायची, तर त्यांची भाषा एक असावी लागते का?

फ्रेंच राज्यक्रांतीचं पहिलं उत्तर 'नाही' असं होतं. जानेवारी 1790 मध्ये राष्ट्रीय सभेनं ठरवलं, की आपले कायदे निरनिराळ्या प्रांतभाषांत भाषांतरित करून पाठवायचे. म्हणजे कायद्यानं लोकांकडे जायचं, लोकांनी कायद्याकडे नाही. चार वर्षांत हे पार उलटलं.

त्याच 1790 च्या ऑगस्टमध्ये ग्रेग्वार नावाच्या धर्मगुरूनं देशभर 43 प्रश्नांची एक प्रश्नावली पाठवली. तुमच्याकडे कोणती बोली आहे, तिच्यात पुस्तकं आहेत का, आणि ती नष्ट केली तर काय होईल? पेर्पिन्याँहून आलेलं उत्तर मला फार आवडतं. त्याचा आशय असा, की ती घालवायची तर आमचा सूर्य, रात्रींचा गारवा, अन्न, पाणी, सगळंच बदलावं लागेल!

ग्रेग्वारनं जून 1794 मध्ये अहवाल मांडला. अहवालाच्या मथळ्यातच बोली नाहीशा करण्याची भाषा आहे. त्याच्या अंदाजानं निदान 60 लाख लोकांना फ्रेंच अजिबात येत नव्हतं, जवळपास तेवढ्यांनाच नीट संभाषण करता येत नव्हतं, आणि शुद्ध बोलणारे 30 लाखांहून जास्त नव्हते. देशाची लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या आसपास. आता हा माणूस कोण? ज्यूंना समान हक्क मिळावेत म्हणून झगडणारा, गुलामगिरीविरुद्ध उभा राहिलेला. दुष्ट नव्हे हो! कायदा न कळणारा शेतकरी वकिलाच्या आणि जमीनदाराच्या मुठीत राहतो, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून तर हे प्रकरण अवघड आहे. खलनायक असता तर पाच मिनिटांत निकाल लागला असता.

मधल्या काळात काय घडलं? बंड. फेब्रुवारी 1793 मध्ये तीन लाख सैनिक भरतीचा हुकूम निघाला आणि मार्चमध्ये पश्चिमेकडचा व्हांदे प्रदेश पेटला. सरहद्दीवर युद्ध, आत यादवी. अशा वेळी राज्यकर्त्यांना शत्रूचा चेहरा हवा असतो. जानेवारी 1794 मध्ये बारेर यानं तो भाषेत शोधला. ब्रेतॉन म्हणजे फुटीरपणा आणि अंधश्रद्धा, जर्मन म्हणजे प्रजासत्ताकाचा द्वेष, इटालियन म्हणजे प्रतिक्रांती, बास्क म्हणजे धर्मवेड, अशी वाटणीच त्यानं करून टाकली. त्या जिल्ह्यांत दहा दिवसांत फ्रेंच शिक्षक नेमायचे ठरलं. शिक्षक पुरेसे मिळालेच नाहीत, तो भाग वेगळा.

आता नकाशा बघा. व्हांदेत कोणती बोली होती? प्वातू प्रांताची, म्हणजे पॅरिसच्या फ्रेंचचीच सख्खी बहीण! ब्रेतॉन नव्हे, बास्क नव्हे. लोक उठले ते भरतीमुळे, आपल्या धर्मगुरूंवर सक्तीच्या शपथा लादल्या म्हणून, चर्चच्या जमिनी शहरी पैसेवाल्यांच्या घशात गेल्या म्हणून. 1793 मध्ये लियों, बोर्दो इथं पॅरिसविरुद्ध उठाव झाले. त्यांचे पुढारी वकील, व्यापारी, उत्तम फ्रेंच बोलणारे. आणि स्वतः बारेर? पिरेनीजच्या पायथ्याचा, तार्बचा, म्हणजे गास्कन मुलखातला. त्याच्या यादीत दक्षिणेची बोली नाही!

कारण आणि खूण यांतली ही गल्लत आहे. गाऱ्हाणं एका भाषेत ऐकू आलं, की गाऱ्हाण्याऐवजी भाषेवरच उपाय सुरू होतो.

इथं थोडं स्वतःचं सांगतो. मी खानदेशातला. घरी अहिराणी. शाळेत निबंधात 'मुलगा'ऐवजी 'आंडोर' लिहिलं, तर गुरुजींनी ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळे हसले, मीही हसलो. माझं हसणंच मला पुढं बरीच वर्षं टोचत राहिलं.

फ्रान्समध्ये तेच यंत्रणा होऊन आलं. बारेरच्या हुकमांनी जे झालं नाही, ते 1881–82 च्या सक्तीच्या मोफत शिक्षणानं, लष्करभरतीनं आणि रेल्वेनं केलं. ब्रिटनीच्या शाळांत ब्रेतॉन बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडी जोड्यासारखी एखादी वस्तू अडकवत. त्यानं दुसऱ्या कुणाला बोलताना पकडलं, की ती त्याच्या गळ्यात. दिवसअखेर ज्याच्याकडे राहील त्याला शिक्षा. म्हणजे पहारेकरी मुलंच! ही मुलं मोठी झाली आणि आपल्या मुलांशी घरी फ्रेंच बोलू लागली. त्यांना दोष कसा देणार?

1992 मध्ये 'प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच' असं राज्यघटनेत आलं. 2008 मध्ये प्रांतभाषा या फ्रान्सचा वारसा आहेत, अशी भर पडली. मग 2021 मध्ये संसदेनं प्रांतभाषांच्या बाजूनं कायदा केला, त्यातलं शिक्षण मुख्यतः त्या भाषेतून देण्याचं कलम घटना परिषदेनं रद्द ठरवलं. वारसा म्हणून चालते, वर्गाची मुख्य भाषा म्हणून नाही. ग्रेग्वारला हे पटलं असतं का, मला शंका आहे. तो निदान शेतकऱ्याला कायदा कळावा म्हणून भांडत होता.

वेळ संपत आली. कुणाला विचारायचं असेल तर विचारा, आपल्या बोलीत विचारलंत तरी चालेल.